अध्यक्षांच्या कागदांतल्या बाईसाहेब

प्रियदर्शिनी दिवसभर ज्या माणसाच्या मागे मागे फिरायची, तो मरून वीस-बावीस वर्षं झाली होती. पॅसिफिकमधल्या एका लहानशा बेटांच्या देशाचा तो अध्यक्ष. त्या देशाच्या सरकारने आपले जुने कागद स्कॅन करायला सिंगापूरला पाठवले होते आणि चांगी बिझनेस पार्कमधल्या तिच्या ऑफिसला ते काम मिळालं होतं. नमुना म्हणून आधी एकच दिवस करून द्यायचा होता. अध्यक्षांच्या कारकिर्दीतला कुठलाही एक दिवस, डोळे उघडल्यापासून दिवा मालवेपर्यंत.

त्या एका दिवसाचं खोकं भरलं होतं. फाटकावरच्या शिपायाने त्यांना जाताना पाहिलं आणि लिहून ठेवलं. टेलिफोनवरच्या बाईने कुणाला जोडून दिलं ते लिहून ठेवलं. ड्रायव्हरने गाडी कुठे थांबली ते लिहिलं, स्वयंपाकघराने काय रांधलं ते लिहिलं, आणि चिटणिसाने या सगळ्यांवरून एक सुबक दिनचर्या टाइप केली. दिवस काही थोर नव्हता. एका धक्क्याचं उद्घाटन, मासे परदेशी पाठवणारे चार व्यापारी, शाळेच्या पोरांबरोबर फोटो, दुपारी रद्द झालेली एक भेट. पण इतक्या जणांनी इतक्या मायेने एका माणसाचा दिवस जपलेला तिने कधी पाहिला नव्हता. कागद हातात घ्यायचा, तो कशाचा आहे हे दोन-तीन ओळींत लिहायचं आणि पुढचा घ्यायचा, एवढंच तिचं काम. संध्याकाळ झाली की ती उगाच अजून एक कागद ओढून घ्यायची. आता घरी जायचं होतं.

घर सिमेईला. घरात आई, हिराबाई.

आईबाबा दोघं परभणीहून लेकीकडे राहायला म्हणून आले होते. एका रविवारी ईस्ट कोस्टला समुद्राच्या कडेने फिरता फिरता बाबा बाकावर बसले, ते उठलेच नाहीत. मंडाईच्या स्मशानात अग्नी दिला. सिंगापुरातली आपली ओळखीची माणसं जमली, त्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं. पांढरं पातळ नेसून आई सगळ्यात पुढे हात जोडून बसली होती. तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि आठवड्याभरात सगळं तिच्या हातून निसटलं. विसरण्याचा आजार आधीच लागला होता. बाबा होते तोवर तेच तिची आठवण होते. ते गेल्यावर उरलेलंही वाहून गेलं.

बाबा, उत्तमराव, वीज मंडळात लाइनमन होते. लाइन गेली की सायकलला शिडी बांधून निघायचे, ऊन म्हणायचे नाहीत, वारा म्हणायचे नाहीत. गल्लीतल्या बाया अंधार झाला म्हणून कावायच्या. आई एकटी अंधारात उंबऱ्यावर बसून असायची आणि स्वतःशी गुणगुणायची:

खांबावर चढला गं, हाती पकड नि दोरी,
उजेड गावाला, अन् काळजी माझ्या दारी.

मग एकदम घराघरांत दिवे लागायचे, पोरं ओरडायची, आणि आई म्हणायची, आली बघ लाइन. लाइन आली म्हणजे ते खाली उतरले. उतरले म्हणजे येतील. उठून ती तवा टाकायची. जन्मभर तिने नवऱ्याची खुशाली अशी दिव्याकडून विचारून घेतली होती.

सिंगापुरात लाइन जात नाही. पण रोज सांजेला समोरच्या ब्लॉकच्या सगळ्या मजल्यांवरचे व्हरांड्यातले दिवे एका क्षणी लागतात. खालपासून वरपर्यंत, ओळीच्या ओळी. आईला तेवढं पुरायचं. खिडकीची जाळी धरून ती म्हणायची, "आली लाइन. आता येतील."

दिवसभर तिच्याजवळ यांती असायची, इंडोनेशियाहून कामाला आलेली. आई तिच्याशी मराठीत बोलायची, ती आईशी आपल्या भाषेत, आणि दोघींचं झकास चालायचं. ते अजून आले न्हाईत का, असं आई विचारायची. यांती हसून "या, या" म्हणायची, तिच्या भाषेत म्हणजे हो, हो. आईचं समाधान व्हायचं. मग प्रियदर्शिनी घरी यायची. आई तिलाही तेच विचारायची आणि ती सांगायची, आई, बाबा गेले. तीन महिने झाले.

आई दर वेळी पहिल्यांदाच ऐकायची. पदर तोंडात कोंबून बसायची. कधी कसे, मला कामून न्हाई सांगितलं, मी कुठं होते, असं विचारत राहायची. सकाळी सगळं कोरं. बाबा दिवसभर जिवंत असायचे आणि लेक घरी आली की मरायचे.

समीरला, पुण्याच्या भावाला, हे मान्य नव्हतं. फोनवर दोघांची रोज जुंपायची. तो म्हणायचा की डॉक्टरसुद्धा सांगतात, वाद घालू नका, हो ला हो करा. ती म्हणायची, मला ते जमायचं नाही. एकदा तो फार चिडला.

"तू तिला रोज विधवा करतेस, प्रिया."

"मग तू ये इथं," ती म्हणाली, "आणि तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोल. तुला सवय आहे."

तो आठ दिवस बोलला नाही.

पण तिला खरंच जमत नव्हतं. रविवारी विहारातून परत येताना बाबा पोरांना पाचही शीलं समजावून सांगायचे, त्यात चौथ्यावर त्यांचा भारी जोर. खोटं बोलायचं नाही, आणि घरात तर नाहीच नाही. ती सहा वर्षांची असताना आत्या गेली. सगळ्यांनी तिला सांगितलं की आत्या मुंबईला गेली. पोरगी रोज दारात आत्याची वाट बघायची. शेवटी बाबांनीच तिला पुढ्यात बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. वाट बघायला लावणं हे मारण्यापेक्षा वाईट, असं ते आईला म्हणाले होते. ज्या माणसाने हे शिकवलं, त्याच्याच बाबतीत आईला वाट बघायला लावायची? रोज ओठांवर खोटं यायचं आणि रोज ती ते गिळायची. आईला रोज एकदा जाळायचं नसेल तर दुसरं काय करायचं, हे तिला उमगत नव्हतं.

अशातच एका गुरुवारी स्वयंपाकघराची चिठ्ठी तिच्या हाती आली. अध्यक्ष आणि बाईसाहेब, सकाळचा नाश्ता, दोघांचा. पपई, अंडी, चहा. चिटणिसाच्या दिनचर्येतही तेच टाइप केलेलं: अध्यक्षांनी बाईसाहेबांसह नाश्ता केला.

तिचा हात थांबला. आदल्या आठवड्यातच तिने संदर्भासाठी सोबत आलेल्या दुसऱ्या खोक्यातल्या दुखवट्याच्या तारा लावून ठेवल्या होत्या. त्या तारखांवरून या दिवसाच्या कितीतरी आधी बाईसाहेब वारल्या होत्या. तिने वर्णनाखाली एक ओळ जोडली, की ही नोंद चुकीची आहे, अध्यक्षांच्या पत्नी त्या दिवशी हयात नव्हत्या.

दुपारी मिस लिमने बोलावलं. मिस लिम विभागाची प्रमुख, साठीला आलेली, कोरड्या स्वभावाची बाई. तिने ती ओळ पेन्सिलीने खोडली होती. कागदावर जे आहे ते सांगायचं, दुरुस्त करायचं नाही, हा कामाचा पहिला नियम तुला मी सांगायला हवा का, असं तिने विचारलं. प्रियदर्शिनी म्हणाली की पण ते खोटं आहे.

"कोण जिवंत होतं ते तुला कुणी विचारलं, लाह?" मिस लिम तिथल्या लकबीत म्हणाली. "काय लिहिलंय ते विचारलंय."

एवढं बोलून ती जेवायला निघून गेली.

प्रियदर्शिनी जागेवर येऊन पुन्हा ती चिठ्ठी बघत बसली. अक्षर गोल, सावकाश काढलेलं. लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं असं होणं शक्य नव्हतं. त्यानेच कदाचित बाईंच्या दिवसकार्याचं जेवण रांधलं असेल. तरी त्याने दोघांचा नाश्ता लिहिला, चिटणिसाने तसाच टाइप केला, आणि अध्यक्षांनी खाली सही केली. एकानेही खोडलं नाही. त्या घरात सगळ्यांनी मिळून अध्यक्षांसाठी काय केलं होतं, ते तिला दिसत होतं. बसमध्ये ती तेच घोळवत राहिली. सिमेईला उतरेपर्यंत तिने वाक्य पाठ करून टाकलं होतं.

दार उघडलं तेव्हा समोरचे दिवे नुकते लागले होते. आई खिडकीशी नव्हती. पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसली होती. आई विचारायची वाट न बघता, धीर आहे तोवर, प्रियदर्शिनी म्हणाली,

"आई, लाइन आली बघ. बाबा उतरले असतील. येतीलच आता."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"हातपाय धू," म्हणाली. "आधी जेवून घे."

गेल्या कित्येक महिन्यांत आईने कुणाला ताट वाढलं नव्हतं. आज तिने यांतीला बाजूला सारलं, भात वाढला, वरण वाढलं, भातावर तुपाची धार धरली आणि लेकीसमोर बसून राहिली. दुसऱ्या घासाला प्रियदर्शिनीला कळलं.

त्यांच्या वस्तीत मरणाची बातमी उपाशी माणसाला सांगत नसत. बातमी घेऊन आलेला माणूस आधी इकडचं तिकडचं बोलायचा. शेजारीण ताट घेऊन यायची, खा बाई आधी म्हणायची. एकदा कानावर पडलं की मग चूल पेटायची नाही, घास उतरायचा नाही, म्हणून. आजी गेली तेव्हा आईला असंच समोर बसवून भाकरी खाऊ घातलेली तिने दारामागून पाहिली होती.

ती सावकाश खात राहिली. एकेक शीत वेचून खाल्लं. आई घाई करत नव्हती. ताट रिकामं झालं तेव्हा आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तिचा हात स्वतःच्या पदराने पुसला आणि हातातच ठेवला.

"प्रिया, तुझे बाबा गेले गं माय. तुला कुणी कळवलं न्हाई का?"

मला माहीत आहे, असं म्हणता आलं असतं. मृत्यूचा दाखला, मंडाईतल्या अंत्यविधीची खोली, अस्थी, आईच्या राहण्याचा पास, सगळं तिने कोरड्या डोळ्यांनी पार पाडलं होतं. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाकावर ती त्यांच्या शेजारीच होती, मग तिला कोण सांगणार. आता कुणीतरी जेवू घालून, हात धरून सांगत होतं. तिने आईच्या मांडीत तोंड खुपसलं आणि घशातून कसलातरी आवाज निघाला. स्वयंपाकघरातून यांती धावत आली आणि दारातच थबकली.

आई तिच्या पाठीवर हात फिरवत सांगत होती. खांबावरून न्हाई पडले. समुद्राकडं बघत बसले होते. तरास झाला न्हाई. मी चप्पल काढून त्यांचे पाय वाळूत ठेवले, थंड वाटंल म्हणून. आईजवळ सगळं होतं. अख्खं होतं. ती चप्पल प्रियदर्शिनीसुद्धा विसरली होती.

मग आईला एकदम समीर आठवला. त्याला कळवलं का? न्हाई? लाव फोन. त्याला तू नको सांगू, तू रडशील, मी सांगते.

प्रियदर्शिनीने नंबर फिरवून रिसीव्हर आईकडे दिला आणि तोंड धुवायला गेली. नळाच्या आवाजातून तिला आईचं बोलणं ऐकू येत होतं. जेवलास का रे? तिकडे तो नुकताच ऑफिसातून आला असणार, अजून नाही म्हणाला असणार.

"मग जेव आधी," आई म्हणाली. "पोटभर जेव. मग सांगते तुला एक." आणि तिने फोन ठेवून दिला.

प्रियदर्शिनी येऊन शेजारी बसली. आई फोनवर पंजा ठेवून, लेकराचं जेवण होण्याची वाट बघत होती. तिचा चेहरा अजून जाणता होता. मग फरशीवरचं पाणी कडेकडेने वाळत जावं तसा तो वाळत गेला. आधी कपाळावरची आठी गेली. मग डोळे खोलीभर फिरू लागले. मग फोनवरचा हात आपला नसल्यासारखा ती त्याच्याकडे बघू लागली. प्रियदर्शिनी समोरून हे बघत राहिली. तिला काहीच धरून ठेवता आलं नाही.

फोन वाजला.

"घे," आई म्हणाली. "तुझ्या बाबांचा असंल. हापिसातून करत असतील."

तिने उचलला. पुण्याहून समीरचा आवाज फाटलेला येत होता. तो जेवला नव्हता. त्याच वस्तीत वाढलेला तो, आधी जेव म्हटल्यावर त्याच्या घशाखाली काय उतरणार होतं? "कोण गेलं?" तो विचारत होता. "आई काय सांगणार होती? प्रिया, कोण गेलं?"

आई तिची ओढणी ओढत होती. "काय म्हणतात? उतरले का?"

प्रियदर्शिनीने आईकडे पाहिलं.

"हो," ती फोनमध्येच म्हणाली. "उतरलेत खाली. लाइन सुरू झाली म्हणतात. यायला उशीर होईल, तुम्ही झोपा म्हणतात."

तिकडचा आवाज बंद झाला. आईने मान डोलावली. मग मी पडते जराशी, म्हणाली, आणि यांतीच्या खांद्याला धरून आत गेली. यांतीने आतला दिवा मालवला.

प्रियदर्शिनी रिसीव्हर कानाला लावून उभी होती. समीरचा श्वास ऐकू येत होता. बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.