‘सह्य’ऐवजी ‘असह्य’ वाचावे

छापखान्यात मला सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण मला कळायचंच, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासली. पहिली वेलांटी की दुसरी, यावरून मी भल्याभल्यांना दारातून परत पाठवलंय. स्वभावाला औषध नाही.

माझी भाची शास्त्रज्ञ आहे. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवर तिचं काम. मंगळवारी सकाळी ती लॅपटॉप छातीशी धरून दारात उभी राहिली, तोंड एवढंसं झालेलं.

“मावशी, परत आला.”

“कोण गं?”

“माझा लेख. नियतकालिकाने परत पाठवला.”

संपादकांच्या पत्रात दोन गोष्टी होत्या. एक, लेखाच्या शेवटी दिलेले एकशे अठरा संदर्भ त्यांच्या पद्धतीने लिहिलेले नाहीत, ते नीट करा. दुसरी खरी जीवघेणी. ‘पाण्यात थोडाही खारेपणा आला की ही गोगलगाय मरते, असा तुमचा निष्कर्ष आहे. संदर्भ क्रमांक ४१ मधला जुना, सर्वमान्य अहवाल नेमकं उलट सांगतो. गुरुवारी पाचपर्यंत खुलासा करा, नाहीतर निष्कर्ष सौम्य करा.’

“आमचे मार्गदर्शक सर म्हणतात, ‘मरते’च्या आधी ‘कदाचित’ घाल आणि मोकळी हो.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“चार वर्षं मी त्यांना मरताना बघितलंय, मावशी. कदाचित नाही मरत त्या. मरतातच!” तिचे डोळे भरून आले. “पण एवढ्या मोठ्या अहवालापुढे मी कोण?”

“रडायचं ते नंतर रड. आधी ती यादी कागदावर छापून आण.”

लाल पेन घेऊन मी बसले. ती म्हणाली, यादी सॉफ्टवेअरने केलीय. दिसतच होतं! कुठे आडनाव आधी, कुठे आद्याक्षरं आधी, कुठे सालाला कंस, कुठे साल उघडंबोडकं. एका ठिकाणी तर खंडाचा क्रमांक पानाच्या आकड्याला चिकटून पृष्ठ तीन हजार बारा झालं होतं. मी खुणा करत होते, ती दुरुस्त करत होती. तोंडाचा पट्टा अर्थातच माझा चालू होता. दुपारी आम्ही एक्केचाळिसाव्याला पोचलो.

‘४१. खाते, ज. सं.’

“हे खाते कोण?” मी विचारलं.

“मोठे शास्त्रज्ञ असणार. सगळेच त्यांचा संदर्भ देतात.”

“तू भेटलीस कधी?”

“अगं, वारले असतील. फार जुना अहवाल आहे.”

मला असं हसू फुटलं की चष्मा नाकावरून घसरला. “अगं बये, वारतंय कशाला! जलाशय संशोधन खातं आहे ते! सरकारी कचेरी! तुझ्या यंत्राने शेवटचा शब्द आडनाव धरला आणि उरलेल्याची आद्याक्षरं केली.”

ती आधी लाजली, मग तिने बाकीच्यांचे लेख उघडून बघितले. चौदा लेखांत तेच. चौदाही जणांनी ‘खाते, ज. सं.’ असंच लिहिलेलं. एका महाभागाने तर ‘खाते व त्यांचे सहकारी’ असंही लिहिलं होतं.

“म्हणजे मूळ अहवाल एकानेही उघडला नाही. सगळ्यांनी एकमेकांची यादी उतरवली,” मी म्हणाले. “आणि तू?”

“मी स्कॅन बघितलं. म्हणजे... त्यातलं सेहेचाळिसावं पान.”

“एकच पान? शाब्बास! शितावरून भाताची परीक्षा!”

अजून चार शब्द सुनावणार होते, पण जीभ अडखळली. या खात्याचे अहवाल कुठे छापले जायचे ते मला आठवलं. आमच्याच छापखान्यात.

“चप्पल घाल,” मी म्हणाले. “ग्रंथालयात जायचंय.”

ग्रंथपाल म्हणाले, “स्कॅन आहे की आमच्याकडे.” मी म्हणाले, “मला कागद हवाय.” त्यांनी एक उसासा टाकला आणि तळघरातून निळ्या पुठ्ठ्याचं बाड आणून टेबलावर आपटलं. भाचीने सेहेचाळिसावं पान काढलं, बाराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं: “‘एवढा खारेपणा या गोगलगायीला सह्य आहे.’ बघ, मावशी. आहेच.”

“आता शेवटून उघड.”

“शेवटी काही नाहीये. स्कॅन तर सत्याहत्तराव्या पानावर संपतं.”

“पान नाही, पुठ्ठा. आतल्या बाजूने.”

पुठ्ठ्याच्या आत तळहाताएवढी चिठ्ठी होती, पिवळी पडलेली, जराशी तिरकी चिकटवलेली. भाची हळूहळू वाचू लागली.

“शुद्धिपत्र. पान ४६, ओळ १२. ‘सह्य’ऐवजी ‘असह्य’ वाचावे.”

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

“तो ‘अ’ मी गिळला होता,” मी म्हणाले. सांगून टाकलं एकदाचं. “मुद्रित मीच वाचलं होतं. ‘सह्य’ हा शब्द शुद्धच की गं, डोळ्याला खटकला नाही. अहवाल छापून झाल्यावर हस्तलिखिताशी ताडलं तेव्हा कळलं. मालक म्हणाले, ‘जाऊ द्या हो, एका अक्षराने काय होतंय? शुद्धिपत्र कोण वाचतं?’ मी ऐकलं नाही. चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि तीनशे प्रतींना या हातांनी चिकटवल्या. दोन दिवस लागले.”

स्कॅन करणाऱ्याने पानं घेतली, पुठ्ठा सोडला. तेवढ्यावर इतकी वर्षं सगळी शहाणी माणसं ‘सह्य’ म्हणत बसली.

मला वाटलं, आता ही मला चिडवणार. वेलांटीबाईंची चूक सापडली म्हटल्यावर कोण सोडेल? पण तिने चिठ्ठीच्या कोपऱ्यावरच्या तपकिरी डागावर बोट ठेवलं.

“हा अंगठा तुझा?”

“माझाच. खळ जास्त झाली होती.”

तिने मला भर ग्रंथालयात मिठी मारली. ग्रंथपाल ‘शू शू’ करत राहिले, करू देत.

गुरुवारी तीन वाजता लेख गेला. सोबत त्या चिठ्ठीचा फोटोही. चार वाजता सरांचा फोन आला. तो तिने मुद्दाम मला ऐकवला. “‘कदाचित’ घातलं नाहीस ना? बरं केलंस,” ते म्हणाले. “आणि तुझ्या मावशींना विचार, माझं पुस्तक बघतील का?” मी म्हणाले, सवड झाली तर बघीन. उगाच कशाला लगेच हो म्हणायचं?

लेख स्वीकारला गेला आणि काल तो छापलेला अंक आला. मी सवयीने शेवटून उघडला. शुद्धिपत्र नव्हतं. मग संदर्भांची यादी वाचली, एकशे अठराच्या एकशे अठरा, पेन हातात धरून. पेन कुठेही टेकवावं लागलं नाही. एक्केचाळिसाव्याला मात्र थांबले. तिथे खाते नावाचे गृहस्थ नव्हते. ‘जलाशय संशोधन खाते’ होतं, आणि ओळीच्या शेवटी माझ्या भाचीने स्वतःहून दोन शब्द घातले होते: ‘शुद्धिपत्रासह पाहावे’.

मालक आज हयात नाहीत, नाहीतर अंक घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले असते. शुद्धिपत्र कोण वाचतं म्हणता, मालक? माझी भाची वाचते!