‘रन’चा एकविसावा अर्थ

मी द्वारका. पुण्याजवळच्या मांजरी गावात जेवणाचे डबे करते. नव्या सोसायट्यांत परराज्यातली पोरं राहायला आली, फोनवर इंग्रजीत बोलू लागली, म्हणून चोपन्नाव्या वर्षी बुधवार पेठेतल्या अनिरुद्ध सरांच्या क्लासला नाव घातलं.

पहिल्याच आठवड्यात सरांनी मला उभं केलं. ‘रन’ म्हणजे काय? म्हटलं, धावणे. “अजून?” मला पुढचं येईना. सर हसले. “मावशी, तुम्ही पोळ्याच लाटा. इंग्रजीवर उपकार होतील.” वर्ग खिदळला. त्याचा व्हिडिओ सरांनी क्लासच्या जाहिरातीत टाकला. माझ्या हातचं जेवणारी पोरं डबा घेताना “धावणे, धावणे” करून दात काढायला लागली. मी क्लास सोडला. राग नाही सोडला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरांचं फुकट डेमो लेक्चर असायचं. फळ्यावर ‘रन’चे वीस अर्थ लिहायचे आणि गरजायचं, “एकविसावा सांगेल त्याला अख्खा कोर्स फुकट!” कोण सांगणार? नवखी मंडळी तोंडात बोट घालायची आणि मुकाट्यानं फॉर्म भरायची.

मी अप्पा बळवंत चौकातून जाडजूड जुनी डिक्शनरी आणली. चार महिने रोज कणीक मळून झाली की तासभर तीच. नाक वाहतं ते रन, कपड्याचा रंग जातो ते रन, निवडणुकीला उभं राहणं रन, दूध संपलं तरी रन. एकट्या शब्दाच्या डोक्यावर इतकी कामं! बाईचाच जन्म म्हणायचा. वही भरली.

डेमोला पुढच्या बाकावर जाऊन बसले. सरांनी मला ओळखलंसुद्धा नाही, ते जास्त लागलं. त्यांचे वीस झाले तसा मी हात वर केला.

“सर, पेपरात बातमी छापतात, तेही रन. नाटक किती दिवस चाललं, तेही. अंगात ताप असतो, तेही. अंघोळीला नळ सोडतो, तेही.”

तिसाव्याला लोक सरांकडे बघायचे थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, “मग क्लास या काकूंकडेच लावू की.”

सरांनी मला केबिनमध्ये नेलं. आता ओळख पटली होती. दार लावून म्हणाले, “सॉरी, मावशी. कोर्स फुकट घ्या, पण हे थांबवा.”

“अपमान फळ्यासमोर केलात आणि माफी दाराआड? बाहेर चला. नाहीतर दर डेमोला येईन.”

“माझी इज्जत जाईल हो.”

“माझी गेली तेव्हा तुम्ही तिची जाहिरात केलीत.”

ते बाहेर आले. फळ्यापाशी उभं राहून पुटपुटले, “द्वारकाबाई, त्या दिवशी माझं चुकलं.” चाळीस माणसांदेखत. मला वाटलं होतं, एवढ्यानं जीव थंड होईल. कसला होतोय!

“मागच्या बाकापर्यंत आवाज आला नाही,” मी म्हटलं. “पुन्हा म्हणा.”

ते पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फुटला. लोक माना खाली घालून जिना उतरायला लागले. “पुरे हो, बाई,” असं कुणीसं म्हणालंही. मी जागची हलले नाही. मला चौथ्यांदा ऐकायचं होतं.