जर्दाळूच्या शिडीची कबुली

मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने मत्सरी आहे. लाकडाला कसला आलाय मत्सर, असे तुम्ही म्हणाल. पण जिची पावले वर्षानुवर्षे आपल्या अंगावर पडली, ती पोरगी दुसऱ्याच कुणाच्या नादी लागली, की लाकडालाही पोटात दुखते.

मला तीन पाय आहेत. भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या आळशी शिड्यांना मी आपल्या जातीची मानत नाही. जर्दाळूच्या झाडाजवळ भिंत कुठून येणार? फांद्यांमध्ये तिसरा पाय खुपसून स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते. मला आंते म्हाताऱ्याने बनवले. तो समुद्रापलीकडे दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर होड्या बांधायचा आणि तिथून इकडे सांता क्लाराच्या खोऱ्यात फळबागा करायला आला. होडीच्या फळ्या जोडाव्यात तसे त्याने माझे सांधे जोडले. "माझ्यामागे बाग राहिली नाही तरी ही शिडी राहील," असे तो मोठ्या कौतुकाने म्हणे. तेव्हा मला ते वाक्य फार आवडायचे.

त्या काळी सान होजेपासून आखातापर्यंत नुसती झाडेच झाडे होती. वसंतात सगळे खोरे फुलांनी पांढरे व्हायचे. उन्हाळ्याची सुट्टी लागली, की बायका आणि पोरे शेडमध्ये सुऱ्या घेऊन बसायची. जर्दाळू कापायचे, बी काढायची, लाकडी तबकात फोडी उताण्या मांडायच्या, बंद खोलीत त्यांना गंधकाची धुरी द्यायची आणि मग उन्हात वाळवायच्या. जुलैमध्ये सगळ्या जिल्ह्याला गंधकाचा वास यायचा. आणि या सगळ्याची सुरुवात माझ्यापासून व्हायची, कारण झाडाच्या शेंड्यावरचे फळ आधी पिकते आणि तिथे माझ्याशिवाय कुणाचा हात पोहोचत नाही.

आंतेचा मुलगा येर्को, आणि येर्कोची मुलगी विंका. ही विंका सात वर्षांची असताना पहिल्यांदा माझ्यावर चढली. अनवाणी होती. येर्को खाली मला धरून उभा होता.

"रंग बघू नकोस गं," तो ओरडला. "आपलं जर्दाळू महा लबाड! आतून पिकतं आणि देठाकडचा खांदा हिरवाच ठेवतं. अंगठा लावून बघ."

"बाबा, हे मऊ आहे!"

"मग खा की! माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

तिच्या हनुवटीवरून गळलेला रस माझ्या पायऱ्यांवर पडला. त्या दिवसापासून ती माझी झाली, निदान मी तसे धरून चालले.

मग एकेक शेजारी बागा विकू लागले. झाडे उपटली गेली आणि त्या जागी सपाट छपरांचे, हिरवळीने वेढलेले कारखाने आले. तिथली माणसे संध्याकाळी बाहेर पडायची तेव्हा त्यांच्या कपड्यांवर साधा डागही नसायचा. काय बनवतात तेही दिसायचे नाही, म्हणे नखाएवढ्या तुकड्यात सगळा हिशेब मावतो. जगभरातून लोक आले. रस्ते रुंद झाले आणि त्यांना तोडलेल्या झाडांचीच नावे दिली गेली. आमची आठ एकरांची बाग मात्र तशीच होती. माझ्या जोडीच्या शिड्या विकल्या गेल्या, मी एकटी उरले. फळे उतरवणारे मजूर आपल्या शिड्या घेऊन यायचे, पण तेही बोलावल्यावर.

विंका विसाव्या वर्षी अशाच एका कारखान्यात लागली. इथपर्यंत मी सोसले. पण एके दिवशी तिने शेडमध्ये टेबल मांडले, त्याच्यावर तारांची भेंडोळी आणि त्या सांधायच्या तापलेल्या कांड्या ठेवल्या, आणि जागा होईना म्हणून मला बाहेर काढले. इकडे पाऊस हिवाळ्यात पडतो; असे दोन हिवाळे मी भिजले. माझ्या सहाव्या पायरीचा खिळा सैल झाला. आत दिवा लावून ती त्या टेबलावर वाकलेली असायची आणि मी खिडकीतून बघायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

येर्कोची बहीण तोंका आत्या शेडमधल्या बायकांची मुकादम होती. तिच्या जिभेला हाड नव्हते. ती एकदा दारात उभी राहून म्हणाली, "काय गं, लग्नात गळ्यात तारांचीच माळ घालणार आहेस का?"

"आत्या, एकदा बघ तरी! या पेटीत विजेचा डोळा आहे. काठीला बांधून वर धरायचा. फळ हिरवं असलं तर हिरवा दिवा, पिकलं तर लाल. शिडीची गरजच नाही."

शिडीची गरजच नाही! मित्रांनो, मी ते या कानांनी ऐकले. नसलेल्या कानांनी म्हणा हवे तर. त्या दिवसापासून ती पेटी माझी सवत झाली.

त्या वर्षी येर्कोचे गुडघे पार गेले. एक कंपनी बाग मागत होती आणि कागद सहीसाठी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडले होते. विंका रडली, भांडली. शेवटी येर्को म्हणाला, "ठीक आहे. ऐन हंगामात मी इस्पितळात असणार. पीक तू उतरव. उतरवलंस, तर हे कागद फाडून टाकीन. नाही जमलं, तर मात्र हट्ट करायचा नाही."

"नक्की?"

"आंतेचा मुलगा आहे मी."

जुलैचा पहिला आठवडा आला. विंका रोज काठी घेऊन झाडाझाडाखाली फिरायची आणि रोज हिरवा दिवा लागायचा. मला हसू आवरेना. त्या अतिशहाण्या डोळ्याला हिरवे खांदे दिसत होते. मला ठाऊक होते, की शेंड्यावरची फळे आतून तयार झाली आहेत. त्यांच्या वासाने मधमाश्या वेड्या झाल्या होत्या.

तोंका आत्यालाही शंका आली. तिने खालच्या फांदीवरचे एक फळ चाचपले, तर ते कडक लागले. "खालचं कच्चंच आहे. पण वरचं कोण सांगणार? पोरी, तुझा डोळा ठेव खाली आणि अंगठा लाव वर."

विंकाने काठी झाडाला टेकवली. मग ती शेडच्या मागे आली आणि तिने मला उचलले. दोन वर्षांनी तिचे हात लागले. मी विरघळायला हवे होते, नाही का? पण माझ्या मनात आले, आता बरी आठवण झाली! ती सवत चुकते आहे अशी शंका आल्यावर मी हवी का?

ती चढू लागली. पाचवी पायरी झाली, सहावीवर तिचा पाय पडला. खिळा सैल होता, हे खरे. पण मी आंतेच्या हातची आहे. धरून ठेवायचे म्हटले असते, तर तेवढी एक वेळ मी ती पायरी धरून ठेवली असती. मी नाही धरली. मी फुगून बसले, आणि पायरी निखळली.

विंका खाली पडली. मनगट लचकले. आत्या धावत आली, मनगट बांधता बांधता बडबडू लागली, "मरो ती शिडी! तू मोडून बसलीस तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू? राहू दे, तुझी पेटी सांगते तेच खरं समजू."

आणि त्यांनी पेटीचे ऐकले. मजुरांना निरोप गेला नाही. मजूर दुसऱ्या बागेत निघून गेले. पुढचे दोन दिवस असे ऊन पडले, की पत्र्यावर हात ठेववेना. तिसऱ्या सकाळी जमीन केशरी झाली होती. फळे आपल्याच वजनाने फुटून पडली होती आणि त्यांच्यावर माश्या घोंगावत होत्या. विंका गुडघ्यांवर बसून ती ओंजळीत भरत होती, जणू भरून ठेवली तर वाचतील.

मला काय वाटले, खरे सांगू? आधी आनंद झाला. सवत हरली! मग विंकाचा चेहरा दिसला. आपलेच नाक कापून मी दुसऱ्याला अपशकुन केला होता.

येर्को कुबड्यांवर घरी आला. "वर अंगठा का नाही लावलास?" एवढेच त्याने विचारले.

आत्या पुढे झाली. "अरे येर्को, ती चढत होती रे, पण आंतेची शिडी—"

"आत्या, नको," विंका म्हणाली. "बाबा, मी पेटीवर विसंबले. चूक माझी."

आजोबांच्या शिडीला तिने बोल लागू दिला नाही. येर्कोने सही केली. शरद ऋतूत बुलडोझर आले.

आज त्या जागी काचेची इमारत आहे. तिच्या दर्शनी दालनात मी उभी असते आणि माझ्या पायऱ्यांवर कोरफडीसारख्या झाडांच्या कुंड्या मांडल्या आहेत. माझ्याखाली सगळ्या जिल्ह्याचा इतिहास चार ओळींत लिहिला आहे. आंते म्हणाला होता तसेच झाले. बाग गेली, मी राहिले.

मागच्या वर्षी विंका आली. केस पांढरे झालेले, बरोबर तिची नात. या विजेच्या धंद्यात तिने मोठे नाव काढले, असे दारावरची माणसे बोलत होती.

"आजी, इथली सगळी झाडं कुणी तोडली गं?"

विंकाने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि ती म्हणाली, "मी, बाळा. ऐकायचं होतं अंगठ्याचं, ऐकलं दिव्याचं. ही शिडी बिचारी तयार होती. मीच उशिरा गेले तिच्याकडे."

चाळीस वर्षांहून अधिक काळ ती हे ओझे वाहते आहे, मित्रांनो, आणि ते ओझे माझे आहे. दुसऱ्याचा हेवा वाटला तर वाटू द्या, त्याला इलाज नाही. पण ज्याचा तुमच्यावर पाय पडलेला आहे, त्याला आधी सावरा आणि रुसायचे ते मग रुसा. आणि तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलेच आणि विंका कुठे भेटली, तर तिला एवढे सांगा, की ती वेळेवरच आली होती. मला बोलता येत नाही.