लिहून देणार यांची हयात

दस्त लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे मीच सगळ्यांना सांगत असे. जुने भारदस्त शब्द घातले की कागदाला वजन येतं, असं माझं मत. समोरच्याला ते कळले नाहीत तर मला उलट बरंच वाटे.

काल नोंदणी कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलाशी शाळेतल्या बाई आल्या, भाच्याला घेऊन. त्यांचा भाऊ जाऊन महिना झाला होता आणि भाच्याला त्यांची मागची खोली रिकामी हवी होती.

"काय ठरलं होतं, ते विचार यांना," त्या भाच्याला म्हणाल्या.

बारा वर्षांपूर्वी त्यांचा भाऊ याच बाकावर बसून म्हणाला होता, "ताई आहे तोवर मागची खोली तिची. पक्कं लिहा." मी तोऱ्यात लिहिलं आणि वाचून दाखवलं. बाईंनी विचारलं, "हयात म्हणजे?"

"उभं आयुष्य हो!" मी म्हणालो होतो.

आता भाच्याने तोच कागद पुढे सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'लिहून देणार यांचे हयातीपर्यंत.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. देणारा भाऊ, घेणारी बहीण. 'घेणार' लिहायचं तिथे मी 'देणार' लिहिलं होतं. भाऊ गेला, तिथेच बहिणीचा हक्क संपला.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "तुझे वडील काय म्हणाले ते मला लख्ख आठवतंय. दुरुस्तीचा कागद आत्ता करतो, तू फक्त सही कर."

"काका, कागदात आहे ते आहे," तो म्हणाला. "आत्या, महिनाअखेरपर्यंत राहा की. मी कुठे आजच जा म्हणतोय?"

असा संताप आला मला त्याचा. पण कुठल्या तोंडाने बोलणार होतो?

"बाई, मी मोठ्याने वाचलं होतं हो. तुम्ही ऐकलं नाहीत?" हे विचारतानाच मला माझी लाज वाटली.

"ऐकलं ना." त्या चष्मा पुसत होत्या. "जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या मी. तो 'देणार' शब्द तेव्हाच खटकला होता. पण भाऊ शेजारी बसलेला, इतका खुशीत. 'तू गेल्यावर माझं काय,' असं त्याच्या तोंडावर कसं विचारायचं?"