डीपीचा पोळा

भोईगावात पोळ्याला तोरणाखालून पहिली जायची ती चंपतरावांची बैलजोडी. आजोबांपासूनचा मान. तो पोळ्यापुरताच ठेवला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण चंपतरावांनी तो विहिरीवर नेला आणि तिथून सगळं बिघडलं.

गावाच्या जैनथकडच्या शिवारात नऊ विहिरी, नऊ मोटारी आणि सगळ्यांत मिळून एकच डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. शेतीच्या विजेची लाईन सकाळी आठला येई, दोनला जाई. लाईन आली की कोणी चहा संपवून निघे, कोणी बिडी विझवून, कोणी आधी महादेवाला पाणी घालून. मोटारी रमतगमत एकामागून एक सुरू होत. पहिल्याचं ओलित उरकत यावं तेव्हा शेवटचा धोतर खोचत बांधावर पोचे. डीपी बिचारा गावाच्या आळसावर जगत होता, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर चंपतरावांनी आदिलाबादहून ऑटो आणला. ऑटो म्हणजे रिक्षा नव्हे. स्टार्टरला जोडायची डबी. लाईन आली की मोटार आपोआप सुरू.

"आता लाईन बी पयले आपल्याच तोरणाखालून जाईन," ते बायकोला म्हणाले.

"आन बाकीच्यायचं?" जयवंताबाई भाकरी थापत म्हणाली.

"ते येतीन मांगून."

मागे राहायला बाकीचे काय मेले होते? पोळ्यात दुसरा नंबर असलेल्या उद्धवरावांनी आठवड्यात ऑटो बसवला. मग भगवानरावांनी. संक्रांतीपर्यंत नऊच्या नऊ विहिरींवर ऑटो आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी आठला नऊ मोटारींनी एकदम हिसका दिला, डीपी कण्हला, धूर ओकला आणि गार झाला. त्या घटकेला नऊही घरचे पुरुष आपापल्या ओसरीवर, आपणच पहिले म्हणून, मिशीवर हात फिरवत बसले होते.

डीपी बैलगाडीतून दुरुस्तीला न्यायचा होता. गाडीला बैल कुणाचे जुंपायचे, यात एक दिवस गेला. परत यायला अकरा दिवस लागले.

चंपतरावांचा चार एकर गहू तेव्हा ओंबीवर होता. वैशाखात धाकट्या पद्मिनीचं लग्न. गावाला घरच्याच गव्हाच्या पोळ्या वाढीन, हे त्यांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं. दाणा भरताना पाणी चुकलं तर हाती भुसा येणार. त्यांनी बापाचं डिझेल इंजिन बाहेर काढलं. ते भकाभका काळा धूर सोडी. बांधाकडच्या ओंब्या काजळल्या, जयवंताबाईला खोकला लागला आणि अर्धा गहू भिजायच्या आत इंजिन अडकलं ते अडकलंच.

डीपी जोडताना लाईनमन मारोतीनं बजावलं, "पाटील, एका येळी तीनच मोटारी लावा. आता जाळला तं उन्हाळ्यानंतरच भेटन."

पारावर बैठक बसली. तीन-तीन मोटारी, दोन-दोन तास, सहा तासांत नऊ जणांचं ओलित. हिशेब पोरालाही कळावा असा सोपा होता. पण पहिल्या तिघांत कोण? चंपतराव म्हणाले, मी. उद्धवराव म्हणाले, पोळा वेगळा, पाणी वेगळं. दुपार झाली, तरी नऊही जण पहिलेच होते.

शेवटी बयनाबाई उठली. नवरा गेल्यापासून ती दोन एकर मिरची एकटीच्या हिमतीवर करत होती आणि तिला भांडणाला वेळ नव्हता. तिच्या विहिरीसाठी तिचा दीर बोलत होता, तो तर कधी शेतात फिरकतही नसे.

"चंपतभाऊ, लग्नाच्या पंगतीत घरधनी कवा जेवते?"

"सगळ्यायच्या मांगून."

"मंग मोठा कोन? पयले जेवनारा का मांगून?"

चंपतरावांचा चेहरा खुलला. "माहा नंबर शेवटचा!" त्यांनी जाहीर केलं.

झालं. उद्धवराव म्हणाले, मग माझाही शेवटचा. घटकाभरात नऊही जण शेवटचे झाले. बयनाबाईनं कपाळावर हात मारला.

सगळ्यांनी ऑटो बंद करून ठेवले; दुसऱ्या दिवशी लाईन आली, दोनला गेली, एकही मोटार लागली नाही. पहिला हात लावील तो लहान! तिसऱ्या दिवशीही तेच. डीपीला अशी प्रकृती जन्मात लाभली नव्हती आणि शिवारात जमिनीला भेगा पडत होत्या. चंपतराव बांधावर जात, कोमेजलेली ओंबी चोळून बघत आणि पुन्हा पारावर येऊन ताठ बसत. इतका जीव तुटत होता त्या माणसाचा, पण बटण दाबवत नव्हतं.

चौथ्या दिवशी जयवंताबाईनं ऑटोची वायरच उपटली, डबी मिठाच्या बरणीमागे ठेवून दिली आणि बटण दाबायला स्वतः विहिरीवर गेली. पोळ्यात बायांना मान नसतो, म्हणून नंबराची लाजही नव्हती. बाकीच्या घरांतही तसंच झालं. ज्यांची पिकं जास्त सुकलेली त्या तिघी आधी, असं विहिरीवरच ठरलं. बयनाबाईच्या मिरच्या माना टाकून होत्या, ती पहिल्या तुकडीत. डीपीजवळच्या निंबावर लाल लुगडं टांगलं की दुसऱ्या तुकडीनं मोटारी लावायच्या, हिरवं टांगलं की तिसरीनं.

पारावर वाद चालूच राहिला. गहू भिजतोय हे चंपतरावांना दिसत होतं. पण विचारलं तर नंबर कळला असता, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

शिवरात्रीच्या आधी आदिलाबादहून जीपमधून वीजखात्याचे साहेब आले. आजूबाजूचे डीपी दोनदा-तीनदा जळले होते, भोईगावचाच कसा टिकला, हे बघायला. पारावर नऊ जण बसलेले, मागे पाण्याच्या घागरी घेऊन बाया उभ्या. साहेबांनी चंपतरावांच्या गळ्यात हार घातला आणि विचारलं, "पटेलसाब, ये बारी-बारी का इंतजाम किसने किया?"

"मैंने!" नऊ जण एकदम म्हणाले.

"एका येळी तीनच, अवो," मागून जयवंताबाई म्हणाली, "नाई तं जळते."

साहेबांना मराठी कळलं नाही, पण बाया इतक्या हसल्या की त्यांनी वळून पाहिलं. चंपतरावांची मान खाली गेली. समोर निंबावर दुसऱ्या तुकडीचं लाल लुगडं फडफडत होतं, आणि त्यांच्या विहिरीवरून मोटारीचा आवाज येत होता. ओंबी आता टच्च भरली होती, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी गळ्यातला हार काढून हातात धरला.

"साब, मेरा नंबर दुसरा है," ते म्हणाले. "पहला बयनाबाई का."