स्थिर ठेवावे

उद्देश : पुडीतला मळकट पदार्थ शुद्ध करणे.

हा पेपरावर छापलेला. माझा उद्देश निराळा होता. परीक्षा संपेपर्यंत एका जागी बसणे.

परीक्षा रसायनशास्त्राच्या पदवीची, शेवटच्या वर्षाची, प्रात्यक्षिकाची. माझी तिसरी खेप. बाकी सगळे विषय केव्हाच सुटले, हा एकच घशात अडकलेल्या काट्यासारखा. नियम असा की तिसऱ्यांदाही नापास झालं की नाव कमी, आणि सुटलेले विषयही गेले. पुन्हा पहिल्या वर्षापासून. पुन्हा तेच बाक. नको.

पहिल्या खेपेला द्रावण थंड होत असताना मी ते इतकं ढवळलं की स्फटिकांऐवजी पिठी आली. पिठीत मळ अडकून राहतो. शुद्धता तपासायला तापवली, तर ती वितळायला लागली ती वितळतच राहिली, कितव्या अंशाला वितळली म्हणून लिहायचं तेच कळेना. दुसऱ्या खेपेला स्फटिक चांगले आले. गाळले. खाली उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतलं आणि बीकर धुऊन पालथा घातला. अर्धा माल त्या द्रावणातच होता. वजन भरलं नाही. मॅडम म्हणाल्या, मला शिकवणं सोपं आहे, थांबवणं कठीण.

साहित्य : बीकर, काचकांडी, फनेल, फिल्टर पेपर, झाकायला वॉच ग्लास, ठेवायला पांढरी टाइल, अल्कोहोल, पुडी.

आणि उजवा पाय. तो टेबलाखाली आपोआप हलतो. मी हलवत नाही. घरी जेवायला बसले की ताटातले चमचे वाजतात. बाबा शाळेत कारकून आहेत, दिवसभर पोरांचा दंगा ऐकून घरी येतात, तरी विचारतात की भूकंप आला की कन्या जेवायला आली. ताई दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिचं म्हणणं, मी पेशंट म्हणून गेले तर खुर्चीला पट्टे बसवावे लागतील. आई हसत नाही. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते, सगळी पाळी उभ्याने, आणि बसायला मिळत असूनही न बसणाऱ्या माणसाचा तिला मनापासून राग येतो. बूड दिलंय ते टेकवायला, एवढंच ती म्हणते, दर दोन दिवसांनी.

आज सकाळी मी चप्पल घालत होते. एक घातली, दुसरी शोधत होते, ती हातातच होती. बाबा दाराशी आले.

"पास होऊन ये असं नाही म्हणत," ते म्हणाले. "बसून ये."

कृती : पदार्थ अल्कोहोलमध्ये घेतला. वॉटर बाथवर गरम करून विरघळवला. गरम असतानाच गाळला. मळ कागदावर राहिला. खाली आलेले द्रावण झाकून स्थिर ठेवले.

ठेवले.

ठेवले नाही. म्हणजे बीकर होता तिथेच होता. झाकण होतं तिथे नव्हतं. मी वॉच ग्लास उचलायची, काचकांडी बुडवायची, उजेडाकडे धरून बघायची, थेंब टाइलवर गळायचा, झाकण पुन्हा ठेवायची. मग खिडकीपर्यंत जाऊन यायची. मग पुन्हा उचलायची. आपण बघत नसताना काहीतरी घडेल आणि आपल्याला कळणारच नाही, ही भीती कुठून येते मला ठाऊक नाही. स्फटिकांना बघायला माणूस लागत नाही. मला बघायला लागतं.

शेजारच्या टेबलावर गोगलगाय. हे त्याचं सगळ्या वर्गाने ठेवलेलं नाव, त्याने ते तक्रार न करता घेतलं, कारण तक्रार करायला त्याला आठवडा लागला असता. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. माझ्या बरोबरीचे सगळे कधीच पास होऊन गेल्यामुळे मी आता लहानांमध्ये बसते आणि ते मला भिंगरीताई म्हणतात. आदर आणि चेष्टा एकाच हाकेत. गोगलगायने द्रावण झाकलं आणि हाताची घडी घालून छताकडे बघत बसला. झोपला असेल असं वाटलं. मधे एकदा त्याने डोळे मिटलेही.

निरीक्षण : काही नाही.

पुन्हा निरीक्षण : त्याच्या बीकरमध्ये पांढऱ्या सुया. तळापासून वरपर्यंत, कुणी विणत आणल्यासारख्या. माझ्या बीकरमध्ये पाणी. म्हणजे पाणी नव्हे, पण दिसायला पाणीच, आरपार, पलीकडचं बेसिन स्वच्छ दिसत होतं. द्रावण केव्हाच गार झालेलं. आता स्फटिक यायला हवे होते. सगळ्यांचे आले होते.

काचकांडीने बीकर आतून खरवडला. हा उपाय पुस्तकातला. काचेला चरा पडला की स्फटिकांना धरायला जागा मिळते. आवाज असा आला की तीन टेबलांवरच्या माना वळल्या आणि बाहेरून आलेले परीक्षक, जे कोपऱ्यातल्या खुर्चीवर चष्मा पुसत होते, त्यांनी चष्मा तसाच धरून ठेवला. खरवडलं. थांबले. खरवडलं. काही नाही. बर्फात बुडवावासा वाटला, पण सगळा माल आत असताना एकदम गार केलं की पुन्हा पिठी, पुन्हा पहिली खेप. पायाने टेबल थरथरत होतं. मी गुडघ्यावर हात दाबला तर हात थरथरायला लागला.

माझी पाचावर धारण बसली आहे हे गोगलगायला दिसलं असावं. तो सावकाश वाकला.

"ताई, माझ्यातला एक कण टाका. एक पडला की बाकीचे त्याच्याभोवती जमतात."

"हे मला माहीत आहे."

"मग टाका की. कोण मोजतंय?"

कागदाच्या कपट्यावर त्याने एक सुई सरकवली. पापणीच्या केसाएवढी. तिचं वजन तराजूलाही कळलं नसतं. पद्धत चुकीची नव्हतीच, द्रावण अडून बसलं की असा कण टाकतातच, फक्त तो त्याच पदार्थाचा लागतो. आणि पुड्या सगळ्यांच्या सारख्या होत्या की निरनिराळ्या, हे मॅडमखेरीज कुणाला माहीत नव्हतं. त्याचा पदार्थ पांढरा. माझाही पांढराच असणार. जगात पांढऱ्या पदार्थांना तोटा नाही.

विचारावं? विचारलं तर कण कुठून आणला हेही सांगावं लागेल. कपटा माझ्या उजव्या हातात. डाव्या हाताने झाकण उचललं. टाकते. सारखाच असेल. नसला तर? टाकते. मॅडम फळ्याकडे तोंड करून होत्या. कपटा बीकरवर आणला, तो इतका हलत होता की सुई कपट्याच्या काठापर्यंत घसरली. हात स्थिर व्हावा म्हणून मी कोपर टेबलावर टेकवलं.

कोपराखाली काहीतरी खरखरीत लागलं.

टाइल होती. टाइलवर माझे थेंब. मघापासून गळत गेलेले, अल्कोहोल उडून जाऊन वाळलेले. प्रत्येक थेंबाच्या जागी एक पांढरी, चकाकणारी पापुद्र्यांची टिकली. एवढ्या टिकल्या. एवढ्या वेळा मी झाकण उचललं होतं.

ते माझेच होते. माझ्याच पुडीतले.

कपटा गोगलगायच्या टेबलावर ठेवला. तो काहीतरी विचारत होता. काचकांडीच्या टोकाने एक टिकली खरवडली, टोक बीकरमध्ये बुडवलं, काढलं.

आधी काही नाही. मग मधोमध एक ठिपका. ठिपक्याला पान फुटल्यासारखा एक पापुद्रा, त्याच्या कडेला दुसरा, आणि मग

मग मी झाकण ठेवलं.

दोन्ही हात मांड्यांखाली घातले. उजवा पाय स्टुलाच्या पायाला वेढा घालून अडकवला. बीकर अगदी समोर. मान फिरवली. भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता होता, तो वाचत गेले, हायड्रोजनपासून, ओळीने, आणि एकदाही मान वळवली नाही. खोटं. दोनदा वळवली. हात काढले नाहीत.

कृती, पुढे चालू : स्फटिक गाळले. कागदांमध्ये दाबून कोरडे केले.

उरलेल्या द्रावणाचा बीकर घेऊन मी बेसिनपर्यंत गेले. नळ उघडला. सवय पायांत असते, डोक्याला कुणी विचारत नाही. बीकर कलता झाला होता. पाण्याचा आवाज ऐकत तशीच उभी राहिले. मग नळ बंद केला आणि बीकर परत टेबलावर आणून झाकला.

वितळवण्याच्या उपकरणापाशी गोगलगाय माझ्या आधी होता. त्याचा पदार्थ वितळला तेव्हा मी आकडा बघितला. माझा आठ अंश आधीच वितळला, आणि वितळला तो एकदम, सगळा, पारा पुढे सरकायच्या आत. शुद्ध होता. आणि त्याच्यापेक्षा वेगळा होता. त्याचा कण पडला असता तर माझ्या पदार्थात भेसळ झाली असती, आणि एवढं करून स्फटिक आलेच नसते. दोघांनी एकमेकांचे आकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर समज उमटायला वेळ लागतो. समजलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी आपलं चांगल्या मनानेच."

"माहीत आहे रे."

परीक्षकांनी माझ्या स्फटिकांची कुपी उजेडात धरली, आकडा पाहिला, मान डोलावली. मग तराजू पाहिला आणि डोलणारी मान थांबली. पदार्थ उत्तम आहे, ते म्हणाले, पण वजन भरत नाही, इतक्यावर पास करता येणार नाही. बाकीचं गेलं कुठे, त्यांनी विचारलं. मी टाइल दाखवली. त्यांनी टिकल्यांवरून बोट फिरवलं. मघाशी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ते मला बघत होते की नव्हते, मला ठरवता आलं नाही. मॅडम टाइलकडे बघत नव्हत्या, बेसिनकडे बघत होत्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"आणि उरलेलं द्रावण?" परीक्षकांनी विचारलं. सगळ्यांना विचारायचा प्रश्न, उत्तराची वाट न बघता विचारलेला.

"आहे."

मॅडमनी वर पाहिलं. "आहे?"

"झाकून ठेवलंय."

त्यांनी स्वतः येऊन पाहिलं. वॉच ग्लास उचलला, ठेवला. टोपण पेनाला पुन्हा लागलं.

"बर्फात ठेव," त्या म्हणाल्या. "राहिलेले त्यातूनच येतील. वेळ आहे अजून. आणि हात लावलास तर बघ."

बर्फ आणला. बीकर त्यात बसवला. स्टूल ओढलं.

सगळे निघायला लागले. बेसिनपाशी गर्दी, ॲप्रन काढायची घाई, कुणीतरी फनेल फोडलं, कुणीतरी त्याच्यावर ओरडलं. गोगलगायने बर्नरची नळी गुंडाळली, सोडली, पुन्हा नीट गुंडाळली. दप्तर खांद्याला लावून माझ्यापाशी थांबला. चहा पिऊ, तो म्हणाला, माझ्याकडून, तुमची मी वाटच लावली असती.

"तू हो पुढे," मी म्हणाले. "मी बसलेय."

हात मांड्यांखाली होते. पाय स्टुलाला अडकलेला. डोळ्यांच्या कोपऱ्यात बर्फाच्या मधे काहीतरी चकाकलं. बर्फच असेल. नसेलही.

वाकून पाहिलं नाही.