नंदादीपाशेजारची नायिका

मुकुलचा फोन संहितानं पहिल्याच घंटेला उचलला. "तू पाठवलेला रिळाचा फोटो बघितला गं. ही जुन्या नायट्रेटची फिल्म आहे. नुसती धग लागली तरी भडकते, आणि एकदा पेटली की पाण्यातसुद्धा जळते." मुकुल जुने सिनेमे दुरुस्त करणारा माणूस, उगाच कुणाला घाबरवायचा नाही. "डबा लांब ठेवलाय ना कुठेतरी?"

लांब! अहो, डबा देवघरात होता, नंदादीपाच्या शेजारी, वर हळदकुंकू वाहिलेला.

कानडी मुलखात, राजाजीनगरला असलेल्या त्या घराची तऱ्हाच न्यारी. संहिताची पणजी सत्यवती मूकपटांतली नायिका. तटावरून घोड्यावर उडी टाकायची, तलवार चालवायची. कपटी प्रधान तिला पळवून न्यायचा आणि शूर नायक सोडवून आणायचा. पण ते पडद्यावर. लग्न बाईनं त्या कपटी प्रधानाशीच लावलं! लोकांनी तोंडात बोटं घातली, तरी संसार सोन्यासारखा झाला. दोघांचं म्हणून एकच रीळ उरलं होतं. त्याचा डबा त्यांच्या लेकीनं, म्हणजे पद्मावतीअक्कानं, आईच्या माघारी देवात नेऊन ठेवला. अक्का संहिताच्या आजोबांची बहीण. आईबाप गेल्यावर पोरीला तिनंच वाढवलं. संहिताला तिच्यावाचून जगात कोणी नव्हतं.

आणि आत्ता, वैशाखातल्या भर दुपारी, अक्का आतून कडी घालून पूजेला बसली होती. सोवळ्यात तिला कानातलं यंत्र चालत नसे, म्हणून ते बाहेर फडताळात. संहितानं दार बडवलं, घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. भिंतीला सांगितल्यासारखं! मग ती धावत अंगणाकडच्या खिडकीशी गेली.

गजांतून सगळं दिसत होतं. ज्योतीपासून डबा जेमतेम वीतभर. पाणी मारावं तर तेल उडायचं, काही फेकावं तर दिवा कलंडायचा. तिनं वेड्यासारखे हात हलवले. अक्कानं वर पाहिलं नि हसली. संहितानं दिव्याकडे बोट केलं, डब्याकडे केलं, दोन्ही हात वर उडवून भडका दाखवला. कधी कुणाशी खुणांनी बोलली नव्हती बिचारी. आपण काय दाखवतोय ते तिचं तिलाच कळेना.

अक्काला मात्र कळलं. आज नातीला पणजीची आठवण आली म्हणायची! कौतुकानं मान डोलावत तिनं निरांजन पेटवलं आणि डब्याला ओवाळायला घेतलं.

 ज्योत डब्याभोवती फिरत होती, एकदा तर अगदी कडेला टेकल्यासारखी वाटली. नको, देवा, नको रे! आता खुणा सुचेनात की काही सुचेना. गज धरून ती जी रडायला लागली ती लहान पोरीसारखी, ओठ वेडेवाकडे करून, ढसाढसा.

अक्काचा हात थांबला. ओवाळणं अर्धवट टाकून तिनं निरांजन खाली ठेवलं, ते नेमकं डब्यापाशीच, आणि लगबगीनं उठून कडी काढली.

संहिता तोवर दाराशी पोचली होती. "अय्यो, काय झालं गं? कोण गेलं? स्वल्प, जरा बोल की!" अक्का म्हणाली.

  अक्काला बाजूला सारून ती बिनआंघोळीची, चपलांसकट देवघरात घुसली. निरांजन तळव्याखाली दाबलं. मग नंदादीपाची वात चिमटीत धरून विझवली. बोटं चरचरली. सत्यवती गेली त्या दिवसापासून तो दिवा कधी शांत झाला नव्हता.

खाडकन कानाखाली बसली.

"माझ्या आईचा दिवा!" अक्का ओरडली. आजवर तिनं या पोरीला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. संहिताचा गाल पेटला, आणि ते इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मारतेय म्हणजे धडधाकट आहे म्हातारी.

तिनं डबा उचलला. एका अंगानं तो चांगलाच तापला होता.

"आणखी मार, अक्का," संहिता म्हणाली, "पण अंगणात येऊन मार."

अक्काला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. पण डब्यातली आपली आई बाहेर चालली म्हटल्यावर ती मुकाट्यानं तिच्यामागून निघाली.